पळत्या घोड्याची घडी

सिनेमात किंवा गेममध्ये पळणारा घोडा आपल्याला दिसतो, पण संगणकाकडे असते ती नुसती जाळी. कातडीवर पसरलेले बिंदू आणि तीन-तीन बिंदू जोडून झालेले त्रिकोण. या जाळीला मेश म्हणतात. घोडा हलतो म्हणजे हे बिंदू दर चौकटीत, म्हणजे फ्रेममध्ये, जागा बदलतात.

एक खरीच जाळी घेऊ. एमआयटीतल्या समनर आणि पोपोविच यांच्या २००४ च्या संशोधनातला दौडता घोडा या क्षेत्रात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्याला ८,४३१ बिंदू, १६,८४३ त्रिकोण आणि दौडीच्या ४८ चौकटी आहेत. प्रत्येक बिंदूचे तीन आकडे, प्रत्येक त्रिकोणाचे तीन बिंदूक्रमांक आणि दर आकड्याला ४ बाइट धरले, तर एका चौकटीला ३ लाख बाइट लागतात. ४८ चौकटींना जवळपास दीड कोटी, आणि तेही जेमतेम दोन सेकंदांच्या दौडीसाठी.

हा पसारा लहान करायचा, तर सुरुवात सोप्या कामापासून करू. घोडा कितीही उधळला तरी कोणता बिंदू कोणाला जोडलाय हे बदलत नाही. ही जोडणी एकदाच पाठवावी. तेवढ्यानेच दीड कोटीचे ५० लाख होतात. मात्र काही सॉफ्टवेअर फाइल बाहेर काढताना दर चौकटीत बिंदूंचे क्रमांक नव्याने लावतात. पहिल्या आणि दुसऱ्या चौकटीतला १०० नंबरचा बिंदू एकच आहे ना, हे आपण आधी तपासावे.

जोडणीही आक्रसता येते. जारेक रोसिन्याक यांची १९९९ ची एजब्रेकर पद्धत एका त्रिकोणावरून शेजारच्या त्रिकोणावर चालत जाते आणि प्रत्येक पावलाला पाचांपैकी एक अक्षर लिहिते. त्रिकोणामागे साधारण २ बिट पुरतात. दोन लाख बाइटचे काम चार हजारांच्या आसपास आटोपते.

मग येते क्वांटायझेशन, म्हणजे आकडे ठरावीक खुणांच्या पट्टीवर बसवणे. घोड्याभोवती एक खोका कल्पून प्रत्येक बाजूचे ४,०९६ भाग करायचे. खोका अडीच मीटरचा असेल तर एक भाग ०.६ मिलिमीटरचा होतो. डोळ्यांना तो फरक कळत नाही. ४ बाइटचा, म्हणजे ३२ बिटांचा आकडा १२ बिटांत मावतो.

इथे घोडं पेंड खातं. खोका दर चौकटीचा वेगळा घेतला, तर शेपटी उडाली की तो बदलतो आणि त्याबरोबर पट्टीही सरकते. माझा पहिला घोडा याच कारणाने थरथरत होता. टेकलेला खूरसुद्धा हिवताप आल्यासारखा कापे. एकेक चौकट थांबवून पाहिली तर सगळे ठीक, म्हणून दोन दिवस चूक सापडली नाही. सबंध दौडीला एकच खोका हवा.

आता खरी बचत. बिंदूची जागा पाठवण्याऐवजी आधी तिचा अंदाज बांधायचा आणि फक्त अंदाजातली चूक पाठवायची. शेजारचा त्रिकोण अ-ब-क हाती असेल, तर ब-क या बाजूपलीकडचा नवा बिंदू समांतरभुज चौकोन पुरा करतो असे मानायचे: ब अधिक क वजा अ. मानेवरचे आकडे समजा ब १२१०, क १२३४, अ १२१५. अंदाज १२२९ येतो, खरा आकडा १२३६. चूक ७. पण मागच्या चौकटीत याच बिंदूचा अंदाज ६ ने कमी पडला होता. मान फार बदललेली नाही, तेव्हा ते ६ आधीच मिळवून टाकू. उरली चूक १.

असे हजारो ०, १, उणे १ गोळा होतात. त्यावर शेवटी एंट्रॉपी कोडिंग चालवतात: वारंवार येणाऱ्या आकड्याला आखूड खूण, क्वचित येणाऱ्याला लांब. तारेच्या कडकट्टमध्ये इंग्रजी ‘ई’ला एकच टिंब असे, तसेच.

नवखे सर्वांत जास्त फसतात ते अंदाजाच्या पायरीवर. आपल्याकडे मूळ आकडे असतात, म्हणून अंदाज त्यांच्यावरून बांधला जातो. पण पलीकडे उलगडणाऱ्याकडे मूळ नसतेच, त्याच्याकडे असतो उलगडून आलेला, किंचित वेगळा आकडा. दोघांचे अंदाज वेगळे होतात, फरक चौकटीगणिक साचत जातो आणि चाळिसाव्या चौकटीत गुडघा भलतीकडेच वळतो. म्हणून आपणही अंदाज उलगडलेल्या आकड्यांवरूनच बांधावा. शिवाय दौड मधूनच बघता यावी यासाठी ठरावीक अंतराने एखादी चौकट मागच्यांवर न विसंबता, पूर्ण पाठवावी.

ही सगळी युक्ती जोडणी कायम राहते तोवरची. खऱ्या माणसाभोवती कॅमेरे लावून टिपलेल्या जाळीत दर चौकटीला बिंदू आणि त्रिकोण दोन्ही नवे असतात. तिथे आधी चौकटींमधला मेळ शोधावा लागतो, आणि ते काम बरेच अवघड आहे.

आपण करून पाहणार असाल तर एक करा. निकाल थांबलेल्या चित्रावर तपासू नका. घोडा पूर्ण वेगाने पळू द्या आणि खुरांकडे बघा.