दिलगिरी आणि माफी

एस. टी.च्या गाडीत चढताना एखाद्याचा पाय शेजारच्या प्रवाशाला लागतो. तो तत्काळ त्यास हात लावून नमस्कार करतो आणि विषय तेथेच संपतो. पाय गर्दीमुळे लागला की निष्काळजीपणामुळे, याची चौकशी कोणी करीत नाही. परंतु तंटा न्यायालयात गेला म्हणजे मात्र प्रश्न उभा राहतो : माफी मागणे म्हणजे चूक कबूल करणे काय?

मराठीत यासाठी दोन शब्द आहेत. ‘दिलगिरी’ मनाचा खेद सांगते. ‘माफी’ अपराधाची सूट मागते; आणि सूट मागावयाची म्हणजे अपराध आधीच गृहीत धरावयाचा. व्यवहारात दोहोंची सरमिसळ होते व घोटाळा नेमका तेथेच होतो.

कोल्हापूर संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे हे तेथील तरुण महाराजांना छळतात, असा आरोप ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी केला होता. त्यास आधार म्हणून पुढे आलेली पत्रे बनावट ठरली. टिळक व आगरकर यांनी काहीही आडपडदा न ठेवता माफी मागितली. तरीही अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ साली दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली व मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांना १०१ दिवस काढावे लागले. माफी प्रामाणिक होती. पण छापून गावोगाव पोचलेला मजकूर तिने परत येणार नव्हता.

याउलट घडले गांधीजींच्या बाबतीत. अहमदाबादच्या जिल्हा न्यायाधीशांनी उच्च न्यायालयास लिहिलेले एक पत्र त्यांनी १९१९ साली ‘यंग इंडिया’त टीकेसह छापले. मुंबई उच्च न्यायालयास हा आपला अवमान वाटला. माफी मागा, म्हणजे प्रकरण मिटेल, असे गांधीजींना सुचविण्यात आले. परंतु आपले काही चुकले असे त्यांना वाटत नव्हते. तसाच प्रसंग आल्यास ते पुन्हा तेच करणार होते. मग ती माफी खोटी ठरली नसती काय? मार्च १९२० मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले, पण कडक समज देऊन सोडले. माफी मागणारे तुरुंगात गेले आणि न मागणारा घरी गेला! दोन्ही खटल्यांचे कायदे निराळे होते, हे खरे. तथापि ‘माफी’चा अर्थ दोन्हीकडे ‘मी चुकलो’ असाच घेतला गेला.

या अर्थाची धास्ती डॉक्टरांनाही वाटते. रुग्ण दगावला असता त्यांना दुःख होते. पण खेदाचा शब्द कबुली म्हणून पुढे केला जाईल या भीतीने ते गप्प राहतात, आणि बाहेर बाकावर बसलेल्या नातलगांना ते मौनच अधिक झोंबते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने यावर २००६ साली कायदा केला. चुकीची कबुली देणारे शब्द असले तरी क्षमायाचना ही कायद्याच्या दृष्टीने दोषाची कबुली ठरत नाही, असे त्यात म्हटले आहे. त्यामुळे तेथील मोटारचालक जखमी मनुष्याजवळ बसून ‘माफ करा, चूक माझीच’ असे म्हणाला, तरी भरपाईचा निकाल त्या शब्दांवर लागत नाही. गाडीचा वेग, रस्त्यावरील खुणा व साक्षीदार यांवरूनच तो ठरवावा लागतो.