ऑस्ट्रेलियात गृहकर्ज ब्रोकर व्हायचंय?
पदवीची सक्ती नाही. ‘सर्टिफिकेट फोर इन फायनान्स अँड मॉर्गेज ब्रोकिंग’ हा अभ्यासक्रम ही पहिली पायरी. मग ‘ॲसिक’ या नियामकाचा परवाना स्वतः काढायचा किंवा परवानाधारक संस्थेचे प्रतिनिधी व्हायचं. नवख्यांनी दुसरी वाट धरावी; पहिली दोन वर्षं अनुभवी ब्रोकरच्या हाताखाली काढणं फार मोलाचं. कमिशन बहुधा बँक देते, तरी १ जानेवारी २०२१ पासून कर्जदाराचं हित आधी पाहणं कायद्यानं बंधनकारक आहे.
नोकरी सोडण्यापूर्वी एवढं समजून घ्याच: ग्राहकानं साधारण दोन वर्षांच्या आत कर्ज फेडलं किंवा दुसऱ्या बँकेत नेलं, तर हाती आलेलं कमिशन परत द्यावं लागू शकतं. सुरुवातीच्या काही महिन्यांच्या घरखर्चाची तजवीजही हवी.