पदार्थांच्या अवस्था : लेखांक सहावा – मिश्र रसाचे गोठणे

शुद्ध पदार्थ गोठू लागला की त्याचे तापमान एका ठिकाणी स्थिर राहते आणि अवघा रस घन झाल्यावाचून खाली उतरत नाही, हे गेल्या लेखांकी आपण पाहिले. परंतु व्यवहारात शुद्ध धातूशी गाठ क्वचितच पडते. सातपुड्यातील भिल्ल-पावरा स्त्रियांच्या ज्या जडशीळ हासळ्या नि कडी तळोद्याच्या बाजूला आपण पाहतो, तसले दागिने एके काळी कलदार रुपये आटवून घडवीत. आणि त्या रुपयात अकरा भाग चांदी असली तरी बारावा भाग तांब्याच्या हिणाचा असे. निव्वळ चांदी ९६२ अंश सेल्सिअसला गोठते. रुपयाचा रस मात्र सुमारे ८९० अंशांपर्यंत पातळ राहतो. तांबे तर चांदीहूनही उशिरा वितळणारे. मग त्याच्या संगतीने चांदीचा गोठणबिंदू खाली का यावा?

हे पाहण्यास चांदी खर्ची घालण्याचे कारण नाही. शिसे आणि कथील पुरते. दोन भाग शिसे व एक भाग कथील मुशीत घालून साडेतीनशे अंशांपर्यंत तापवावे, विस्तव काढून घ्यावा आणि दर अर्ध्या मिनिटाला तापमान टिपून त्याची रेषा काढावी. आरंभी ती झरझर उतरते. अडीचशे अंशांच्या सुमारास तिचा उतार एकाएकी मंदावतो, पण थांबत नाही. रसावरची झळाळी विरते, कडेने दाणे धरू लागतात आणि मुशीत फिरवलेली सळई शिजत आलेल्या पिठल्यात फिरवावी तशी जड जाते. पुढे १८३ अंशांवर मात्र रेषा अगदी आडवी होते, उरलेला सारा रस तेथेच थिजतो, आणि मगच उतार पुन्हा सुरू होतो.

प्रथम जे दाणे धरतात ते बहुतांशी शिशाचे असतात. त्यांच्या घन होण्यातून सुटलेली उष्णता निवण्याचा वेग कमी करते, म्हणून रेषा मंदावते; परंतु शिसे असे बाजूला पडत गेल्यामुळे मागे राहिलेल्या रसात कथलाचे प्रमाण वाढत जाते आणि तो गोठवण्यास अधिकाधिक थंडावा लागतो, म्हणून ती थांबत नाही. प्रत्येक दाण्यागणिक रस बदलतो, आणि रसागणिक त्याचा गोठणबिंदू. हा क्रम रसात शेकडा ६२ भाग कथील होईपर्यंत चालतो. त्या प्रमाणाला दोन्ही धातू एकदमच घन होतात. आरंभीचे प्रमाण अगदी टोकाचे नसले तर शिसे अधिक घ्या वा कथील, शेवटचा मुक्काम १८३ अंशांचाच. आणि पहिल्यापासूनच ६२ भाग कथील घेतले, तर मधली मंद चाल दिसतच नाही. या प्रमाणातील मिश्रणाला यूटेक्टिक मिश्रण म्हणतात. डाख लावणाऱ्या कारागिरांना या फरकाचा उपयोग शास्त्रापूर्वीच ठाऊक होता: शिशाच्या नळाचा सांधा पुसून बसवायचा तर दाटसर राहणारे मिश्रण हवे, नाजूक तारेला झटकन धरणारे.

चांदी-तांब्याच्या बाबतीत हा शोध टांकसाळीच्या गरजेतून लागला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लंडनच्या टांकसाळीतील रसायनज्ञ रॉबर्ट्स यांनी १८७५ साली दाखविले की निवलेल्या लगडीच्या गाभ्यातील व कडेच्या चांदीचे प्रमाण सारखे येत नाही. हजारात सुमारे ७१९ भाग चांदी असलेली, म्हणजे यूटेक्टिक प्रमाणाची, लगडच तेवढी सर्वत्र एकसारखी निघते. म्हणजे एका कोपऱ्याचा तुकडा कापून काढलेला कस सबंध लगडीचा असेलच, अशी खात्री सरकारी टांकसाळीलाही देता येत नव्हती. हीच लगड झपाट्याने निववली तर काय होते, ते पुढील लेखांकी.