खांद्याचा विलग झालेला सांधा : स्वरूप आणि उपचार

प्रस्तावना

कबड्डी, कुस्ती यांसारख्या खेळांत खेळाडू खांद्यावर आपटला की ‘खांदा निखळला’ असे म्हटले जाते आणि अनेकदा हात ओढून तो ‘बसविण्याचा’ प्रयत्न होतो. वास्तविक खांदा निखळणे आणि खांद्याचा वरचा सांधा विलग होणे या दोन भिन्न दुखापती आहेत. त्यांची गल्लत करून वैद्य रुग्णाला इजा करतात, असा इशारा प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावे असलेल्या सांध्यांविषयीच्या ग्रंथात आढळतो. पुढे गेलेन या वैद्यास वयाच्या पस्तिसाव्या वर्षी कुस्तीच्या आखाड्यात हीच दुखापत झाली होती. प्रस्तुत लेखात या दुखापतीचे स्वरूप व उपचार यांचे विवेचन केले आहे.

सांध्याची रचना

दंडाच्या हाडाचा गोल माथा फऱ्याच्या उथळ खोबणीत बसतो. तो खोबणीबाहेर गेला म्हणजे खांदा निखळतो. २३ मार्च २०२१ रोजी पुण्याजवळील गहुंजे येथे इंग्लंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात श्रेयस अय्यरचा डावा खांदा अंशतः निसटला, ती दुखापत या सांध्याची होती.

विलग होणारा सांधा याच्या वर असतो. गळपट्टीच्या हाडाचे बाहेरचे टोक व फऱ्याचे ‘अंसकूट’ हे टोक तेथे एकत्र येतात. सांध्याभोवतीचे अस्थिबंध हाडाचे पुढे-मागे सरकणे रोखतात, तर गळपट्टीच्या हाडाला फऱ्याच्या चोचीसारख्या भागाशी बांधणारे दोन बळकट अस्थिबंध वर-खाली होणारे विचलन रोखतात. खांद्याच्या टोकावर थेट आघात झाला की फरा खाली ढकलला जातो आणि हे अस्थिबंध ताणले जातात किंवा तुटतात. खांद्यावर उंचवटा दिसतो तो मुख्यतः हाताच्या भाराने फरा खाली गेल्यामुळे. हाताला झोळीचा आधार का द्यावा, याचे कारण येथेच सापडते.

वर्गीकरण

रॉकवूड यांनी १९८४ मध्ये मांडलेले सहा प्रकारांचे वर्गीकरण आजही प्रचलित आहे. पहिल्या प्रकारात सांध्याचे अस्थिबंध केवळ ताणले जातात. दुसऱ्यात ते तुटतात, मात्र खालचे अस्थिबंध टिकून राहतात. तिसऱ्यात दोन्ही तुटतात. चौथ्या प्रकारात हाड मागे स्नायूत घुसते, पाचव्यात ते फार वर उचललेले दिसते, तर अत्यंत विरळ अशा सहाव्यात खाली सरकते.

उपचार

मैदानावर हात ओढू नये व खांद्याला मालीश करू नये. हात झोळीत ठेवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे लावावा आणि क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. बोटांना बधिरता असल्यास विलंब करू नये.

पहिल्या दोन प्रकारांत काही दिवस झोळी, वेदनाशामके आणि क्रमाक्रमाने व्यायाम पुरेसे ठरतात. चौथ्या ते सहाव्या प्रकारांत सामान्यतः शस्त्रक्रियेचा विचार होतो. खरा मतभेद तिसऱ्या प्रकाराविषयी आहे. कॅनडातील २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सांधा पूर्णपणे विलग झालेल्या ८३ रुग्णांत आकडेयुक्त धातूपट्टीची शस्त्रक्रिया आणि शस्त्रक्रियाविरहित उपचार यांची तुलना करण्यात आली. शस्त्रक्रियेनंतर क्ष-किरण चित्रात हाड अधिक योग्य जागी दिसले, परंतु पहिल्या काही महिन्यांत शस्त्रक्रिया न झालेल्यांचा हात अधिक चांगला चालत होता. दोन वर्षांनंतर कार्यक्षमतेत लक्षणीय फरक उरला नाही. म्हणून तिसऱ्या प्रकारात बहुधा प्रथम शस्त्रक्रियेविना उपचार केले जातात. उंचवटा कायम राहिला, तरी हाताचे बळ परत येऊ शकते.

निष्कर्ष

या दुखापतीत हाड कसे दिसते यापेक्षा हात कसा चालतो, हा निकष महत्त्वाचा ठरतो. वेदनारहित पूर्ण हालचाल व दुसऱ्या हाताइतके बळ प्राप्त झाल्याखेरीज खेळाडूस मैदानावर उतरवू नये. महाविद्यालयीन संघासोबत जाणाऱ्या प्राध्यापकांस निदान करता येणे अपेक्षित नाही. परंतु ओढण्यासाठी पुढे आलेला हात त्यांनी वेळीच थांबविला, तरी खेळाडूची मोठी हानी टळू शकते.