वेशीवरचा नाकेदार

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

एके काळी शहराच्या वेशीवर जकात नाका असे. गाडी थांबायची, नाकेदार पावती बघायचा, मग आडवा बांबू वर व्हायचा. मुंबईतले जकात नाके २०१७ साली उठले, पण आपल्या संगणकात नवे नाके बसले आहेत. ऑफिसचे काम घरून करताना लागणारे व्हीपीएन, मुलांना नको ते दिसू नये म्हणून लावलेली गाळणी, गुपचूप बाहेर जाणारी माहिती अडवणारी फायरवॉल, हे सारे नाकेदारच. त्यांचे तांत्रिक नाव नेटवर्क एक्स्टेन्शन. आज आपण अ‍ॅपलच्या मॅक संगणकापुरते बोलू.

पूर्वी हा नाकेदार संगणकाच्या थेट गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसे. तिथे तो चुकला की सगळे यंत्रच कोसळणार. गाभ्यातली चूक किती महाग पडते, हे १९ जुलै २०२४ रोजी विंडोजवर दिसले. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले, विमानांची उड्डाणे रद्द झाली. अ‍ॅपलने २०१९ मध्ये, कॅटालिना आवृत्तीपासून, नाकेदाराला गाभ्याबाहेर चौकी दिली. तो पडला तरी घर उभे राहते. या चौकीभोवती बहुधा सँडबॉक्सचे कुंपणही असते. जेवढी परवानगी लिहून घेतली, तेवढेच काम करायचे.

मग अडते कुठे? दोन ठिकाणी: नोंदणीत आणि कुंपणात.

नाकेदार अ‍ॅपच्या पोटातच असतो. पण अ‍ॅप ‘अ‍ॅप्लिकेशन्स’ फोल्डरमध्ये असेल तरच त्याची रीतसर नेमणूक होते. अनेकजण उतरवून घेतलेले अ‍ॅप ‘डाउनलोड्स’मधूनच उघडतात आणि नोंदणी नाकारली जाते. कधी जुनी प्रत दुसरीकडे पडून असते आणि हजेरीपटावर भलत्याच प्रतीचे नाव लागते. जास्तीच्या प्रती काढून टाकाव्यात. तिसरे कारण आपली घाई. पहिल्यांदा मंजुरी मागणारी सूचना येते, ती आपण न वाचता बंद करतो. २०२४ च्या सिकोया आवृत्तीपासून ही मंजुरी ‘सिस्टिम सेटिंग्ज’मध्ये ‘जनरल’खाली ‘लॉगिन आयटम्स अँड एक्स्टेन्शन्स’ इथे देता येते. जाणकाराकडून टर्मिनलमध्ये यादी मागवली, तर नावापुढे शेरा दिसतो: चालू आहे, मंजुरीची वाट पाहतो आहे, किंवा यंत्र पुन्हा सुरू केल्यावर निघून जाईल.

कुंपणाचा दोष आपल्या हातचा नसतो, तो अ‍ॅप बनवणाऱ्याचा. नेटवर्कवर जाण्याची परवानगीच मागितलेली नसेल, तर नाकेदार कामावर येतो आणि हात बांधून बसतो. शिवाय अ‍ॅप आपल्या नावाने चालते, नाकेदार मात्र यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याने. त्यामुळे अ‍ॅपने आपल्या खोलीत ठेवलेली नियमांची चिठ्ठी त्याला सापडत नाही. दोघांनी निरोप थेट एकमेकांना द्यावा लागतो. अशा वेळी यंत्राची आवृत्ती आणि यादीतला शेरा कळवून कंपनीकडे तक्रार करावी.

हे सारे जाणून काय करायचे? प्रश्न विश्वासाचा आहे. अ‍ॅपच्या खिडकीत हिरवी खूण दिसते, आपण निर्धास्त होतो, आणि नाक्यावर कुणीच नसते. २०२० च्या बिग सर आवृत्तीत अ‍ॅपलने स्वतःच्याच पन्नासेक अ‍ॅप्सना नाका चुकवण्याची मुभा दिली होती. फायरवॉल चालू आणि गाड्या मागल्या वाटेने पसार! टीका झाली आणि २०२१ मध्ये, ११.२ आवृत्तीत, ती मुभा काढली गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये सिकोया येताच काही सुरक्षा अ‍ॅप्सचे नेटवर्क अडखळले. पुढच्याच महिन्यात दुरुस्ती आली.

म्हणून मोठे अपडेट झाले की नाकेदार कामावर आहे का, ते एकदा पाहावे. आणि नेमण्यापूर्वी तो कोणाचा माणूस आहे, याची चौकशी करावी. आपल्या दारातून काय जाते-येते हे तो रोज पाहणार आहे. फुकट मिळाला म्हणून कुणालाही वेशीवर उभे करू नये.