साखर तपासली, मनाचे काय?

जुन्नर-आंबेगावात कांदा काढणीला आला, तरी घरचा कर्ता माणूस ओट्यावर बसून राहतो. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. पण झोप नाही, छातीत धडधड, जेवणावर वासना नाही. आपण म्हणतो, साखरेमुळेच! नेहमी तसे नसते. जुनाट आजारात चिंता आणि उदासी पुष्कळदा जोडीने येतात. मग रोगी गोळ्या चुकवतो, मूळ दुखणेही बळावते. दोन आठवडे असे चालले, तर जुन्नर किंवा मंचरच्या सरकारी दवाखान्यात साखरेबरोबर मनाचेही सांगा. चिंता आणि उदासी या दोन्हींवर बहुधा एकच औषध चालते. गुण यायला काही आठवडे लागतात, मध्येच सोडू नका. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघाली, तर माणसाला एकटे ठेवू नका, फवारणीची औषधे कुलपात ठेवा. १४४१६ या सरकारी क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीत, फुकट सल्ला मिळतो.