ॲनिमेशनपटातील प्राणिपात्र : गव्याचे दृश्यसंशोधन

कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेल्या व १९३३ मध्ये पुण्यास स्थलांतरित झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने त्याच दशकात ‘जंबूकाका’ हा व्यंगचित्रपट निर्माण केला. प्राण्यास पात्ररूप देण्याची परंपरा मराठी चित्रसृष्टीत एवढी जुनी आहे. तथापि पात्ररचनेपूर्वीचे दृश्यसंशोधन बहुधा दुर्लक्षित राहते.

दृश्यसंशोधन : राधानगरी अभयारण्यातील गवा हे याचे उत्तम उदाहरण होय. निरीक्षणाविना रेखाटलेला गवा म्हशीसारखा दिसतो. पंढरपुरी म्हशीची लांब शिंगे मागे खांद्यांकडे जातात. गव्याची शिंगे बाजूंना पसरून वर वळतात व त्यांची टोके आत झुकतात. गव्याच्या खांद्यावरील उंचवटा पाठीच्या मध्यावर एकाएकी संपतो. पायांचा खालचा भाग पांढुरका असतो. चालताना एका बाजूचा मागील पाय आणि त्यानंतर त्याच बाजूचा पुढील पाय उचलला जातो. मागील पायाचा मागे वळलेला सांधा गुडघा नसून घोटा असतो, हेही ध्यानात घ्यावे लागते.

पात्ररचना : तपशील वगळून केवळ काळ्या छायाकृतीतून गवा ओळखता यावा, ही पहिली कसोटी. खांद्याचा उंचवटा अतिशयोक्त केल्यास सामर्थ्य व्यक्त होते. परंतु लाल डोळे देऊन या तृणभक्षी, कळपाने राहणाऱ्या प्राण्यास राक्षसी रूप दिल्यास तो स्वभावतःच हल्लेखोर असल्याचा समज दृढ होतो.

निष्कर्ष : शिवारात आलेल्या, बिथरलेल्या गव्यामागे जमाव धावतो, अशा प्रदेशात पात्राचे रूप हा केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. अचूक निरीक्षण ही कलावंताची सामाजिक जबाबदारीही ठरते.